अर्धं पाऊल पुढे

जाऊबाई तिसऱ्यांदा पडल्या तेव्हा मी त्यांना आमच्या एका गिऱ्हाइकाचं लग्न कसं मोडलं ते सांगत होते. गोष्ट अगदी रंगात आली होती. मुलाची आई भर बैठकीत काय म्हणाली ते सांगायला मी तोंड उघडलं आणि शेजारून धप्प आवाज आला. बघते तर जाऊबाई पालथ्या, एक हात अंगाखाली. कालव्याकाठच्या रस्त्यावर तिथे एक फरशी झाडाच्या मुळाने जराशी उचलली होती. जराशी म्हणजे बोटभर. रोज तिथूनच पळत होतो आम्ही.

मनगटाचं हाड मोडलं होतं. दवाखान्यातल्या बाकावर, हात गळ्यात बांधलेला, तोंड वेदनेने पांढरं पडलेलं, आणि बाईंनी मला पहिला प्रश्न काय विचारावा?

"मग? काय म्हणाली मुलाची आई?"

आम्ही दोघी एकाच घरात राहतो. थोरले दीर गेल्यापासून वरच्या मजल्यावर जाऊबाई आणि त्यांचा मुलगा. खाली मी आणि आमचे हे, आणि रस्त्याकडच्या खोलीत माझं केस कापायचं दुकान. जाऊबाईंनी उभी नोकरी कापड गिरणीत मागावर काढली आणि तिथूनच निवृत्त झाल्या. आमचे हे त्यांना वहिनी म्हणतात म्हणून मीही वहिनी म्हणते. त्या मला 'अगं' म्हणतात. इतक्या वर्षांत तेच माझं नाव झालंय.

पळायला सुरुवात माझी. डॉक्टरांनी वजनावरून चार शब्द सुनावले, मला राग आला आणि त्या रागात मी बूट विकत घेतले. पहिल्या दिवशी दार उघडून बाहेर पडते तर जिन्यात जाऊबाई उभ्या, मुलाचे जुने बूट घालून, आत कागद कोंबलेले. "मीही येते," म्हणाल्या. मला वाटलं, दोन दिवसांचं खूळ असेल. पहिल्या आठवड्यात आम्ही वळणापर्यंतसुद्धा धड पोचत नव्हतो. आता कालव्याच्या दरवाजापर्यंत जाऊन परत येतो. जातो म्हणजे, जात होतो.

त्यांचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. त्यामुळे काहीही खाली पडण्याबद्दल त्याची मतं फार ठाम आहेत.

"काकू," दवाखान्यातून आल्यावर तो माझ्या दुकानात येऊन उभा राहिला. "लिफ्ट एकदा घसरली तर आम्ही ब्रेक बघतो. दुसऱ्यांदा घसरली तर दोर बदलतो. तिसऱ्यांदा घसरली तर बंद करून दाराला पाटी लावतो."

"आई म्हणजे काय लिफ्ट आहे का रे?"

"लिफ्टला नवे भाग मिळतात," तो म्हणाला. "आईचं खुब्याचं हाड मोडलं तर पुढे काय, ते तू मला सांग."

पोरगं रागावलेलं नव्हतं, घाबरलेलं होतं. घाबरलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही.

शेवटी जाऊबाईंनीच निकाल लावला. जेवणाच्या टेबलावर प्लास्टरचा हात ठेवून त्या मुलाला म्हणाल्या, "प्लास्टर निघालं की मी पळणार. पुन्हा पडले तर बूट तुझ्या हवाली करीन आणि परत पळायचं नाव काढणार नाही. शब्द दिला."

आणि जाऊबाईंचा शब्द म्हणजे गंमत नाही. गिरणीत कुणीतरी पैज लावली म्हणून त्यांनी चहातली साखर सोडली होती. पैज लावणारी बाई ती केव्हाच विसरून गेली, जाऊबाईंची साखर अजून सुटलेलीच आहे.

मला तर धडकी भरली. खरं सांगायचं तर मला एकटीने पळता येत नाही. पाय चालतात, मन चालत नाही. दिवसभर दुकानात माझ्या तोंडाचा पट्टा चालू असतो, पण ते गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून. त्याच्या मुलांचं कौतुक, तिच्या सासूचा उद्धार, सगळं त्यांच्या सोयीने. घरी आमचे हे वर्तमानपत्राशी लग्न लागल्यासारखे बसतात. सकाळी कालव्यावर मी जे बोलते तेवढंच माझं. आणि जाऊबाई ऐकतात. मध्येच "हं" म्हणतात, अगदी जिथे म्हणायला हवं तिथे. असं ऐकणारं माणूस मिळायला नशीब लागतं.

तेव्हा ठरवलं, बाईंना पडू द्यायचं नाही. मी कंबर कसली. फोनवर जगभरच्या पळणाऱ्या लोकांच्या चित्रफिती बघून बघून डोळे लाल केले. पडायला काय काय कारणं असतात त्याचा मी इतका अभ्यास केला की आमचे हे म्हणाले, एवढा शाळेत केला असतास तर.

पहिला संशय बुटांवर. मुलाचे जुने बूट रद्द, मापाचे नवे आणले, नाडीला दुहेरी गाठ. दुसरा संशय पावलांवर. दमलं की माणूस पाय उचलत नाही, ओढतो, आणि बोटभर उंचवट्यालाही बोट अडकतं. म्हणून अंगणात खडूने रेघा मारल्या आणि जाऊबाईंना त्या ओलांडत चालायला लावलं, गुडघा वर, पावलाचा पुढचा भाग वर. प्लास्टरमध्ये हात होता, पाय मोकळेच होते. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, मग दुसऱ्यावर. सुरुवातीला त्या बेसिनला धरून झुलायच्या. मग बोट टेकवून उभ्या राहायला लागल्या, मग तेही सुटलं.

प्लास्टर निघाल्यावर पळण्याचा धडा. लांब ढांग टाकायची नाही. पाऊल शरीराच्या पुढे जाऊन पडलं की तोच ब्रेक लागतो आणि अडखळलं तर सावरायला वेळ राहत नाही. पावलं आखूड, भरभर, अंगाखाली. खांदे सैल. कोपरं वाकवलेली. आणि मुख्य म्हणजे नजर. नवखा माणूस पायाखाली बघतो. पायाखाली बघून काय उपयोग, तिथलं जे व्हायचं ते झालेलं असतं. बघायचं समोर, थोडं लांब, म्हणजे दगड येण्याआधी पायाला निरोप जातो.

"समोर बघायचं, वहिनी. समोर."

"समोरच बघते," जाऊबाई म्हणाल्या.

आणि खरंच बघत होत्या! मी वळणावर फोन धरून उभी राहिले आणि त्यांना लांबून एकटीला पळत यायला सांगितलं. काय सुरेख पळत आल्या. मान ताठ, नजर सरळ, पावलं हलकी. ती चित्रफीत मी त्यांच्या मुलाला दाखवली. तो आईचं पळणं पुन्हा पुन्हा बघत राहिला आणि म्हणाला, "हे ठीक आहे." त्याच्या तोंडून ठीक म्हणजे पदक.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मिळून निघालो. इतके दिवस साठलेलं बोलणं माझ्या पोटात मावत नव्हतं. वळण येईतो मी दोन घटस्फोट आणि एक घरफोडी संपवली, आणि जाऊबाईंचा पाय अडखळला. मी कोपर धरलं म्हणून वाचल्या. दोघी एकमेकींना धरून भररस्त्यात गोल फिरलो.

"हे पडणं धरायचं नाही," मी म्हणाले. "गुडघा टेकला नाही."

"तू नसतीस तर टेकला असता."

"पण मी होते ना!"

घरी येऊन बूट काढताना त्यांनी ते नेहमीसारखे भिरकावले नाहीत, शेजारी शेजारी नीट लावून ठेवले. परत द्यायची वस्तू ठेवतात तसे. मला ते बघवलं नाही.

मी पुन्हा विचाराला लागले. बाई एकटी पळते तर ठणठणीत, माझ्याबरोबर पळते तर अडखळते. म्हणजे माझ्या वेगाने दमते का? पण वेग तर त्याच वाढवायच्या. हे मला पहिल्यापासून खटकत आलेलं होतं. जाऊबाई माझ्या बरोबरीने कधी पळायच्याच नाहीत, कायम अर्धं पाऊल पुढे. मी वेग वाढवून त्यांना गाठलं की त्या आणखी अर्धं पाऊल पुढे सरकणार. मला वाटायचं, थोरलेपणाचा मान. घरात ताट आधी त्यांना, खुर्ची आधी त्यांना, आता कालव्यावरही पुढे त्याच. मीही काही कमी नाही, मी पुन्हा गाठायची. अशाने परत येईपर्यंत दोघींची जीभ बाहेर यायची.

त्याच आठवड्यात त्या केस कापायला दुकानात आल्या. आरशावरचा दिवा गेला होता, म्हणून मी खुर्ची खिडकीकडे फिरवली, उजेडात. त्या खिडकीतून रस्ता बघत बसल्या, मी मागे उभी राहून कात्री चालवत होते. तोंडही चाललेलंच. घरफोडीत पुढे काय झालं ते मी सांगत होते, कारण अडखळल्यामुळे ती अर्धीच राहिली होती. चोर कोण निघाला ते सांगितलं. सख्खा भाचा निघाला होता. एवढ्या मोठ्या बातमीवर "हं" नाही, "अगं बाई" नाही, काही नाही.

मला वाटलं, रुसल्या.

"वहिनी, ऐकताय ना?"

जाऊबाई शांतपणे रस्त्यावरची सायकल बघत होत्या.

"वहिनी, कान कापला गेला हो तुमचा!"

सायकल कोपऱ्यावर वळली, त्यांनी मान जराशी कलती केली आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बघितली.

माझे हात थांबले. मी खुर्चीला वळसा घालून समोर गेले, त्यांच्या तोंडासमोर उभी राहिले, आणि आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ हलवून म्हणाले, "पाणी हवं का?"

"पाणी नको," जाऊबाई म्हणाल्या. "चहाच टाक."

मी तिथेच स्टुलावर बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातातल्या कात्रीकडे बघितलं, आणि त्यांना कळलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"गिरणीच्या शेडमधल्या सगळ्यांचेच कान जातात," त्या म्हणाल्या. "कुणाचे लवकर, कुणाचे उशिरा. आवाज येतो गं, पुसटसा. शब्द येत नाहीत."

मग त्यांनी सांगितलं. शेकडो माग एका छपराखाली चालतात तिथे कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथे कुणी ओरडतच नाही. सगळ्या बायका ओठांवरून बोलतात. हात मागावर, सुताची गाठ बोटांनीच मारायची, आणि डोळे समोरच्या मागावरच्या बाईच्या तोंडावर. मुकादमाच्या नाकासमोर उभं राहून मुकादमाला नावं ठेवायची, त्याला पत्ता नाही. लग्नं तिथे जुळली, भांडणं तिथे झाली, सगळी बिनआवाजाची. जाऊबाईंना नोकरी लागली तेव्हा त्या पोरसवदा होत्या. तेव्हापासून कुणी बोललं की त्यांची नजर आपोआप तोंडावर जाते. कान चांगले होते तेव्हाही जायची.

"आणि तू पळताना समोर बघून बोलतेस," त्या म्हणाल्या. "आरशात बघून बोलायची सवय तुझी. शेजारून पळालं तर तुझा नुसता गाल दिसतो. म्हणून जरा पुढे राहायचं आणि मान वळवायची."

अर्धं पाऊल पुढे! आणि मी मूर्ख, मानपान समजून वेग वाढवत होते.

"मी गाठलं की तुम्ही आणखी पुढे."

"मग काय करू? नेमकी गोष्ट रंगात आली की तू सुसाट सुटतेस."

आम्ही दोघी हसलो. मग मला एकदम राग आला, इतका की कात्री टेबलावर आपटली.

"वहिनी, हाड मोडून घेतलंत! एका फालतू लग्नाच्या गोष्टीपायी! एक शब्द सांगितला असता तर मी तोंड बंद ठेवून पळाले असते!"

"म्हणूनच नाही सांगितलं," जाऊबाई म्हणाल्या.

त्या गळ्याभोवतीच्या कापडावरचे केस झटकत होत्या. झटकून झाल्यावर म्हणाल्या, "पोरगा जिन्यातून बोलतो. फोनमध्ये मान घालून बोलतो. तुझा नवरा पेपरातून बोलतो. टीव्हीवरची माणसं फार भरभर बोलतात. मी हं म्हणते आणि सोडून देते. तू तेवढी पूर्ण तोंड उघडून बोलतेस, सगळं स्वच्छ दिसतं. मला पळायची हौस कुठे होती? तू रोज एकटी जाणार, आता वाटेत बोलणार कुणाशी, म्हटलं आपण जावं. पळणं नंतर आवडायला लागलं."

मी उठले आणि चहा टाकला.

त्या संध्याकाळी त्यांनी मुलालाही सांगितलं. तो उठून आईच्या समोर खाली बसला आणि एकेक शब्द सावकाश म्हणाला, "मला का नाही कळलं?" कानाच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या महिन्यातली मिळाली. तेव्हापासून तो जिन्यातून हाक मारत नाही. वर येतो, समोर उभा राहतो आणि मग बोलतो.

पण शब्द तो शब्द. पुन्हा पडल्या तर बूट जाणारच होते. म्हणून मीच अट घातली. पळताना मी तोंड उघडणार नाही, त्यांनी माझ्याकडे बघायचं नाही. बोलायचं ते घरी, बसून. जाऊबाईंना ते फारसं पटलं नाही, पण बूट त्यांनाही हवे होते.

दुसऱ्या दिवशी निघालो. ओठ घट्ट मिटून मी पळत होते आणि जाऊबाई माझ्या शेजारी, अगदी बरोबरीने. नजर समोर, पावलं आखूड, खांदे सैल. उचललेली फरशी त्यांनी सहज ओलांडली. वळण गेलं, पूल गेला. एकदाही अडखळल्या नाहीत. मी शिकवलेलं सगळं त्यांच्या अंगात उतरलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला नुसता आमच्या चार पायांचा आवाज ऐकू येत होता, आणि त्यांना तर तोही येत नसणार. पाण्यात एक बदक दुसऱ्या बदकाच्या मागे लागलं होतं. सांगायचं राहिलं. समोरून येणाऱ्या गृहस्थांनी सदरा उलटा घातला होता. तेही राहिलं. आतापर्यंत आमचं सगळं पळणं म्हणजे माझं बोलणं होतं, आणि ते त्यांनी गुडघे आणि मनगट देऊन ऐकलं होतं. आता त्या सुरक्षित होत्या आणि एकट्या होत्या. मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं, त्यांनाही तसंच वाटतंय का ते चेहऱ्यावर दिसतं का बघायला.

आणि मी पडले.

तळहात सोलले, गुडघा आपटला. "वहिनी!" म्हणून ओरडले. जाऊबाई पळतच राहिल्या. मी पुन्हा ओरडले. त्यांची पाठ ताठ, पावलं एका लयीत, मी सांगितलं होतं तसं समोर बघत त्या लांब लांब जात होत्या. आपल्या शेजारी कुणी नाही हे त्यांना माहीतच नव्हतं. एवढं जिवाभावाचं माणूस हाकेच्या अंतरावर असून हाक पोचत नाही, हे मला तोपर्यंत नीट कळलंच नव्हतं. मी रस्त्यात बसून रडायला लागले. गुडघ्यासाठी नव्हे.

बऱ्याच पुढे गेल्यावर त्यांनी अट मोडून शेजारी बघितलं. थांबल्या. वळल्या. मग आल्या, जेवढं भरधाव पळता येईल तेवढं पळत, आणि मला हात देऊन उभं करायच्या ऐवजी माझ्यासमोर फरशीवरच मांडी घालून बसल्या, माझं तोंड दिसेल अशा.

"काय झालं? सांग."

मी सांगायला लागले. बदकाचं, उलट्या सदऱ्याचं, त्या पुढे गेल्या त्याचं, मी किती हाका मारल्या त्याचं. सगळं एकदम, हुंदके देत, डोळे पुसत. जाऊबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरली, उजेडाकडे वळवली आणि म्हणाल्या, "रडायचं थांब आधी, अगं. ओठ थरथरतात, मला काही कळत नाहीये."